चू. भू. द्या. घ्या.

लहानपणी आमच्या घरी महिनाअखेरीला वाण्याचं बिल यायचं. पिवळट कागद, माथ्यावर 'श्री', मध्ये तूरडाळीपासून काड्यापेटीपर्यंत आमच्या संसाराची जंत्री आणि तळाशी, सहीच्या जागी, चार अक्षरं : चू. भू. द्या. घ्या. ही वाण्याची पदवी असावी अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. डॉक्टरांच्या पाटीवर नाही का एम. बी. बी. एस. असतं, तसं. पुढे मी स्वतः बी. कॉम. झालो, बँकेत चिकटलो, आणि तेव्हा कळलं की दोन पदव्यांपैकी वाण्याचीच अधिक अवघड होती.

'चूकभूल द्यावी घ्यावी.' वडिलांनी अर्थ सांगितला होता : आमच्याकडून काही राहिलं असेल तर मागून घ्या, चुकून जास्त आलं असेल तर परत द्या. पण तो अर्थ डोक्यात शिरला एका रात्री. साडेनऊचा सुमार, डोंबिवलीत दिवे गेलेले, आम्ही तिसऱ्या मजल्यावर कंदिलाच्या उजेडात आमटीभात जेवतोय आणि दारात वाणी उभा. धापा टाकतोय, हातात कागदाची पुडी. "अर्धा किलो साखर लिहिली, पण बांधायची राहिली." वडील म्हणाले, "अहो, एवढ्यासाठी कशाला वर आलात? सकाळी आमचा पोरगा आला असता की खाली." वाणी म्हणाला, "चूक माझी. मग जिना तुमच्या पोरानं का चढायचा?"

पुढे मी गणेश मंदिरात प्रवचनं ऐकली, वसंत व्याख्यानमालांतून पहिल्या रांगेत बसून झोपलो, बँकेनं पाठवलं म्हणून 'ग्राहक हाच देव' या विषयावरच्या शिबिरात दोन दिवस जेवून आलो. पण नीतिशास्त्राचं एवढं सुटसुटीत सूत्र मला कुठे भेटलं नाही. ज्याची चूक, त्याचा जिना.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे माझ्या फोनवर उगवलेली हिरवी रेघ.

त्याचं असं झालं. एका रात्री फोननं मला विचारलं, "अपडेट करू का?" आम्ही कारकून माणसं. कुणी अदबीनं परवानगी मागितली की आम्हाला भरून येतं. मी 'हो' म्हटलं आणि झोपलो. सकाळी पाहतो तो पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक हिरवीगार उभी रेघ. सौभाग्यवतींनी ती पाहिली आणि म्हणाली, "छान दिसतंय. याचे किती घेतले?"

चिरंजीवांनी निदान केलं, "बाबा, तुम्ही एकटे नाही. खूप लोकांना झालंय." आणि ते खरंच होतं. 2022 नंतरच्या दोन-तीन वर्षांत आपल्या देशात या हिरव्या रेघेच्या तक्रारींचा सुकाळ झाला होता. या पडद्यांतला प्रत्येक ठिपका स्वतःच्या उजेडानं पेटतो म्हणे. आतल्या केसाएवढ्या जोडणीत कुठे बिघाड झाला की एक आख्खी ओळ पेटते ती पेटतेच, विझायचं नाव घेत नाही. आमच्या शाखेतही असे एक-दोन जण आहेत. तक्रारी फार वाढल्या तेव्हा एकाहून अधिक कंपन्यांनी ठरावीक मॉडेलांचे पडदे फुकट बदलून देण्याच्या योजना जाहीर केल्या. माझ्या फोनच्या कंपनीचं नाव मी सांगणार नाही. एक तर मी नोकरदार माणूस आणि दुसरं म्हणजे कुठलंही नाव घालून वाचलंत तरी गोष्ट तीच राहील.

डोंबिवलीत फोन विकणारी दुकानं पावलापावलावर आहेत. पण या कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर निघालं ठाण्यात. मी डोंबिवलीत राहून डोंबिवलीतच नोकरी करणारा भाग्यवान प्राणी. मला ठाण्याची लोकल म्हणजे विलायतेची बोट. तरी दुसऱ्या शनिवारची बँकेची सुट्टी साधून मी निघालो. दिवा, मुंब्रा, कळवा अशी एकेक स्टेशनं दुसऱ्याच्या काखेतून पाहत ठाण्याला उतरलो. सर्व्हिस सेंटरमध्ये एका यंत्रानं मला टोकन दिलं : 84. भिंतीवर आकडा होता 31. वीस वर्षं लोकांना रांगेत बसवणारा मी. रांगेतली खुर्ची कुठे टोचते ते त्या दिवशी प्रथम कळलं.

काउंटरवर एक मुलगी होती. तिनं फोन पाहिला, रेघ पाहिली, संगणकात काहीतरी पाहिलं आणि म्हणाली, "सर, तुमचं मॉडेल योजनेत बसतं. स्क्रीन फुकट बदलून मिळेल."

"वा!"

"पण स्क्रीन नाहीये."

"कधी येईल?"

"या मॉडेलची येईल असं वाटत नाही, सर. त्याऐवजी कंपनी तुम्हाला अपग्रेड देतेय."

'अपग्रेड' हा शब्द ऐकून मी सावध झालो. आमच्या बँकेत एखाद्याला गडचिरोलीला पाठवायचं असलं की त्याला बढती देतात. इथेही तसंच निघालं. अपग्रेड म्हणजे नव्या फोनवर पाच हजारांची सूट. आता तिच्या अटी : नवा फोन कंपनीच्याच ऑनलाइन दुकानातून, यादीतल्या चार मॉडेलांपैकीच घ्यायचा. व्हाउचर तीस दिवसांत वापरायचं. दुसरी कुठलीही सवलत त्यासोबत चालणार नाही. जुना फोन, मूळ बिल आणि मूळ खोकं जमा करायचं. जुन्या फोनवर तडा, पोचा किंवा ओरखडा नसावा. तो पूर्णपणे कोरा करून द्यावा; आतल्या मजकुराची जबाबदारी कंपनीची नाही. आणि रेघ उभीच असावी. आडवी असल्यास योजना लागू नाही.

यादीतला सर्वांत स्वस्त फोन होता बत्तीस हजारांचा. म्हणजे त्यांच्या चुकीचं परिमार्जन करून घ्यायला मला सत्तावीस हजार रुपये खर्च होता.

मी बिल नेलं नव्हतं. ही झाली पहिली खेप. चौथ्या शनिवारी बिल घेऊन गेलो तर आठवलं की खोकं राहिलं. आता मोबाइलचं खोकं मराठी मध्यमवर्गीय माणूस कधी टाकतो का? आमच्या माळ्यावर मी आजवर वापरलेल्या सगळ्या फोनांची खोकी आहेत. पण या नेमक्या खोक्यात सौभाग्यवतीनं बटणं, हुक आणि फॉलपिकोचे दोरे ठेवले होते, आणि त्यांची पर्यायी व्यवस्था झाल्याशिवाय खोकं हलणार नाही अशी तिची अट होती. अटी घालण्याचा अधिकार काही एकट्या कंपन्यांचा नाही.

चुकलेला माल परत बोलावणं ही काही नवलाची गोष्ट नाही. 2007 चा ऑगस्ट आठवतो? स्वातंत्र्यदिनाच्या आदल्याच दिवशी नोकिया कंपनीनं जाहीर केलं की बीएल-5सी या आमच्या बॅटऱ्यांपैकी काही तापू शकतात. मात्सुशिता कंपनीनं डिसेंबर 2005 ते नोव्हेंबर 2006 या काळात बनवलेल्या 4 कोटी 60 लाख बॅटऱ्या. जगभरात मिळून तापल्याच्या घटना होत्या शंभराच्या घरात. पण बातमी डोंबिवलीला पोचेपर्यंत फोनचा बाँब झाला होता. लोक फोन खिशातून काढून पिशवीत ठेवायला लागले आणि पिशवी बायकोच्या हातात द्यायला लागले. बॅटरीच्या पाठीवर मुंगीच्या अक्षरात 26 आकडे-अक्षरांचा नंबर असे. तो कंपनीच्या संकेतस्थळावर घातला की बॅटरी दोषी की निर्दोष याचा निकाल मिळे. मी वडिलांचं भिंग घेऊन तो नंबर उतरवला, सायबर कॅफेत अर्ध्या तासाचे पैसे भरले आणि माझी बॅटरी निर्दोष सुटली. खरं सांगतो, वाईट वाटलं. शेजारच्यांची दोषी निघाली होती आणि त्यांना नवी कोरी बॅटरी फुकट मिळणार होती.

कंपनीनं या प्रकाराला 'परत बोलावणं' म्हटलं नव्हतं हं, 'सल्ला' म्हटलं होतं. पण सल्ला म्हणा की आणखी काही, शेजारच्यांची बॅटरी घरपोच आली. कुरिअरवाल्याच्या पायांनी का होईना, कंपनी जिना चढली.

दुसरी गोष्ट 2016 ची. सॅमसंगचा नोट 7. ऑगस्टमध्ये वाजतगाजत आला, आपल्याकडे किंमत जाहीर झाली 59,900 रुपये, आणि लोकांनी आगाऊ नोंदणीही केली. तेवढ्यात परदेशात हे फोन पेट घ्यायला लागले. 2 सप्टेंबरला कंपनीनं जगभरातले सुमारे 25 लाख फोन परत बोलावले आणि बदलून दिले. बदलून दिलेलेही पेटले. 11 ऑक्टोबरला उत्पादनच थांबवण्याचा निर्णय जाहीर झाला. आपल्याकडे तो विक्रीला आलाच नाही. नोंदणी करणाऱ्यांना त्याच कंपनीचं दुसरं मॉडेल वर भेटवस्तू घालून देऊ केलं गेलं. पुढच्या जानेवारीत कंपनीनं कारण जाहीर केलं : दोन वेगवेगळ्या कारखान्यांच्या बॅटऱ्या आणि दोघींत दोन वेगवेगळे दोष. पहिली चूक निस्तरायला म्हणून आणलेली वस्तू दुसरी चूक घेऊन आली होती.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या कॉलेजातले हिशेबशास्त्राचे सर आठवले. त्यांनी चुकांचे चार प्रकार शिकवले होते. नोंद करायची राहून जाणं, नोंद चुकीची होणं, तत्त्वातच घोटाळा असणं, आणि चौथा प्रकार म्हणजे एका चुकीनं दुसरीला झाकणं. एका खात्यात शंभर जास्त लिहिले, दुसऱ्यात शंभर कमी. तेरीज बरोबर जुळते. सर म्हणायचे, "पोरांनो, तेरीज जुळली म्हणून वही खरी समजू नका. जुळलेल्या तेरजेइतकी लबाड गोष्ट जगात दुसरी नाही."

ठाण्याहून परतताना डब्यात उभ्याउभ्या मी माझी तेरीज मांडत होतो. कंपनीच्या वहीत माझं खातं जुळलेलं होतं. रेघेबद्दल पाच हजार नावे, व्हाउचरचे पाच हजार जमा. प्रकरण बंद. पण माझ्या वहीत दोन शनिवार होते, दोन वेळचा लोकलचा घाम होता, बटणांच्या विस्थापनावरून झालेलं भांडण होतं. ते कुठल्या खात्यात टाकायचं? चुकीची किंमत भरून मिळते. पण ती चूक दाखवायला आणि सिद्ध करायला आपण जे खेटे घालतो त्यांची नोंद कुणाच्याच वहीत नसते. आणि गंमत पाहा, चूक करणाऱ्याला तिचा जेवढा त्रास होतो त्याहून अधिक ती सोसणाऱ्याला होतो. बिल त्यानं शोधायचं, खोकं त्यानं आणायचं, रेघ उभी आहे याचा पुरावा त्यानं द्यायचा. वाण्याचं वाक्य उलटं फिरलं आहे : चूक आमची, जिना तुमचा. बिलाखालच्या चार अक्षरांतलं 'द्या' पुसलं गेलं आणि नुसतं 'घ्या' उरलं.

शेजारचे काका ग्राहक पंचायतीचे जुने सभासद. ते तर हिरवी रेघ पाहून मोहरलेच. म्हणाले, "सोडू नका! 2019 च्या ग्राहक कायद्यात 'अन्याय्य करार' म्हणजे काय त्याची व्याख्या दिलीय. सदोष वस्तूची जबाबदारी आहे. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूची तक्रार असेल तर जिल्हा आयोगात शुल्कसुद्धा नाही. मानसिक त्रासाचीही भरपाई मागता येते."

"पण काका, त्यासाठी जायचं कुठे?"

"ठाण्याला."

कायदा चांगला आहे, याबद्दल वाद नाही. तो नसता तर कंपन्यांनी आपल्याला काउंटरपर्यंतही पोचू दिलं नसतं. पण खेट्यांची भरपाई मिळवायला आणखी खेटे घालणं हे कर्ज फेडायला कर्ज काढण्यापैकी आहे, आणि त्याचं पुढे काय होतं ते मी रोज पाहतो.

तिसऱ्या खेपेला मात्र मी तयारीनं निघालो. फोन, बिल, खोकं आणि संताप, सगळं मूळ स्वरूपात. 2005 साली आलेला 'डोंबिवली फास्ट' तुम्ही पाहिला असेल. त्यातला तो सरळमार्गी माधव आपटे डोंबिवलीचा, बँकेतला, आणि एके दिवशी त्याचा संयम सुटतो तो हातात बॅट घेऊनच. मी डोंबिवलीचा, बँकेतला. बॅट नव्हती, पण लांब दांड्याची छत्री होती. टोकन 61.

एकसष्टावा आलो तेव्हा तीच मुलगी. मी भाषण सुरू केलं. चूक कुणाची, रेघ कुणाची, अपग्रेड कसलं, वगैरे. ती ऐकत होती. मध्येच मी म्हटलं, "आणि तीस दिवस कसले? तुमची चूक तीस दिवसांत शिळी होते का?"

ती म्हणाली, "नियम आहे, सर. मी काही करू शकत नाही."

आणि माझी वाचा बसली. कारण हे वाक्य माझं होतं. शब्द न् शब्द माझा होता, आवाजातला तो थकलेला सपाटपणासुद्धा माझाच.

जानेवारी 2017. नोट 7 परत गेला त्याला जेमतेम तीन महिने झाले होते, आणि मधल्या काळात आपल्या खिशातल्या नोटाही परत बोलावल्या गेल्या होत्या. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या, आणि पुढचे पन्नास दिवस आम्ही काउंटरवाल्यांनी कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. बदलून द्यायची मर्यादा आधी चार हजार, मग साडेचार हजार, मग दोन हजार; मध्येच बोटाला शाई; 24 नोव्हेंबरनंतर बदलून देणं बंद; खात्यात भरायची मुदत 30 डिसेंबर. अटी रोज बदलत होत्या आणि त्या लोकांना सांगणारं तोंड माझं होतं. त्या निर्णयाचं बरंवाईट ठरवणं माझ्यासारख्याचं काम नाही. मी फक्त खिडकीत बसलो होतो.

मुदत संपल्यावर एक आजी आल्या. पिशवीतून त्यांनी पोथी काढली आणि पोथीतून पाचशेच्या चार नोटा. यजमानांनी वारीसाठी म्हणून ठेवल्या होत्या, यजमान गेले, पोथी आता उघडली. मी म्हटलं, "आजी, मुदत संपली." त्या म्हणाल्या, "नोट तर तीच आहे." खरंच होतं. नोटेवर वचन छापलेलं होतं, सही होती, मुदत कुठेही छापलेली नव्हती. मी नियम सांगितला की या काळात जे परदेशात होते त्यांनाच आता 31 मार्चपर्यंत रिझर्व्ह बँकेत नोटा देता येतील. आणि केवळ नियम पुरा करायचा म्हणून विचारलं, "तुम्ही परदेशात होतात का?"

"मी कल्याणच्या पुढे फक्त पंढरपूरला गेलेय, बाळा."

पंढरपूर परदेशात मोडत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. वर हेही सांगितलं की अशा दहापर्यंत नोटा आठवण म्हणून जवळ ठेवायला कायद्याची हरकत नाही. तेवढीच सवलत माझ्या हाती होती. मग म्हणालो, "नियम आहे, आजी. मी काही करू शकत नाही."

त्यांनी नोटा पुन्हा पोथीत ठेवल्या आणि जाताना म्हणाल्या, "तुझी काय चूक?"

मी तेव्हा सुटकेचा श्वास सोडला होता. खरंच, माझी काय चूक? नियम मी केला नव्हता. पण त्या दिवशी ठाण्यात, काउंटरच्या अलीकडच्या बाजूला उभा असताना मला पहिल्यांदा दिसलं की नियम माझा नसला तरी जिना माझा होता. खिडकीतून उठून बाहेर यायला, त्यांना खुर्ची द्यायला, "आजी, हे वाईट झालं, मला वाईट वाटतंय" असं म्हणायला कुठल्याही परिपत्रकाची मनाई नव्हती. दोन हजार मला देता येत नव्हते, हे खरं. पण मी जे देऊ शकत होतो तेही दिलं नाही, आणि त्याला नियम म्हटलं. चूक कुणाची होती ते देव जाणे. आजींची नव्हती एवढं मला ठाऊक होतं, आणि तरी जिना उतरून गेल्या त्या आजीच.

इकडे ती मुलगी माझ्याकडे पाहत होती. माणूस भाषणाच्या मध्येच गप्प झाला की काउंटरवाल्यांना भीती वाटते. तेही मला ठाऊक आहे. मी म्हटलं, "राहू द्या. फोन जमा करायचा तर कोरा करावा लागेल ना? त्यात माझ्या आईचा आवाज आहे. तो कसा काढून घ्यायचा ते मला येत नाही."

आई जाऊन दोन वर्षं झाली. त्या फोनमध्ये तिचे बावीस कॉल आपोआप ध्वनिमुद्रित झालेले होते. त्यांत काही उपदेश नाही, आशीर्वाद नाही. "येताना फडके रोडवरून अळूची पानं आण, देठ काळे बघून घे," अशा स्वरूपाचा मजकूर.

मुलीनं अटींच्या कागदाकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "सर, ऑफिशियली आम्ही डेटाला हात लावत नाही. दीड वाजता माझा लंच असतो. बाहेरून एक पेन ड्राइव्ह घेऊन या."

दीड वाजता तिनं डबा उघडला नाही, माझा फोन उघडला. बावीसच्या बावीस कॉल उतरवून घेतले आणि नीट उतरले की नाही हे पाहायला त्यातला एक लावला. वातानुकूलित खोलीत, रांगेतल्या तीस-चाळीस माणसांच्या देखत आईचा खणखणीत आवाज आला, "अरे, पोचलास का? मग फोन करायला काय होतं?" रांगेतल्या दोघा-तिघांनी मुकाट्यानं आपापले फोन बाहेर काढले.

मुलगी म्हणाली, "सॉरी, सर. तुम्हाला तीन वेळा यायला लागलं. खरं तर हे पहिल्याच दिवशी फोनवर सांगायला हवं होतं. आता तुम्ही येऊ नका. स्क्रीन आली तर मी फोन करीन."

मी अपग्रेड घेतलं नाही. व्हाउचर तीस दिवसांनी देवाघरी गेलं. रेघ अजून आहे, सवय झाली. जगाकडे पाहताना मध्ये एक रेघ असणारच हे चाळिशीनंतर माणसाला पटतं.

आणि महिन्या-दीड महिन्यानं खरंच फोन आला. "सर, स्क्रीन आली नाही. येणारही नाही. पण कळवते म्हटलं होतं, म्हणून कळवलं."

फोन ठेवला आणि मला अर्धा किलो साखरेची पुडी आठवली. हिच्या हातात पुडी नव्हती. पण जिना ती चढली होती.

परवा आमच्या शाखेतलं पासबुक छापायचं यंत्र बंद पडलं. अशा वेळी 'मशीन बंद आहे' अशी पाटी लावायची वहिवाट आहे. पाटी लावली की आमची तेरीज जुळते. एक निवृत्त गृहस्थ आले, पाटी वाचली, माघारी वळले. तिसरी खेप असावी. पाठीवरून ओळखू येते. मी खिडकीतून उठून बाहेर आलो आणि म्हणालो, "काका, चूक आमची आहे. पासबुक ठेवून जा. दुपारी यंत्र दुरुस्त होईल. संध्याकाळी घरी जाताना मी आणून देतो, तुमची बिल्डिंग माझ्या वाटेवरच आहे."

काकांनी पासबुक छातीशी धरलं आणि विचारलं, "याचा चार्ज किती?"

"काही नाही."

"जीएसटी धरून?"

संध्याकाळी गेलो. बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, तिसरा मजला. काकांनी दाराची साखळी न काढता फटीतून पासबुक घेतलं, चष्मा लावला, उभ्याउभ्या सगळ्या नोंदी तपासल्या आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे सतरा रुपये सत्तर पैसे कसले?"

"एसएमएसचे."

"मला एसएमएस येतच नाहीत."

मी पाहिलं. खरंच, नंबर बदलल्याचा त्यांचा अर्ज आमच्याकडे पडून असणार. "बघतो उद्या," मी म्हटलं.

"म्हणजे उद्या मी येऊ?"

"नाही, काका. मीच येतो."

दार लागलं. उतरताना मी पायऱ्या मोजल्या. चोपन्न भरल्या. पुन्हा मोजून पाहण्याची ताकद गुडघ्यांत नव्हती, तेव्हा आकड्यात चू. भू. द्या. घ्या.